वस्तीवरच्या मानसिक आरोग्याच्या कामात माणसं टिकवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहरातल्या वस्त्यांमध्ये आणि जिल्ह्यातल्या वाड्यांवर मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या लहान संस्थांच्या टीमसोबत मी बरीच वर्षं काम करते आहे. प्रशिक्षण संपल्यावर चहाच्या वेळी, नंतर फोनवर, आणि मार्च जवळ आला की हमखास, तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याचं जे लिहिलं आहे ते दिशा कळावी एवढ्यापुरतं. करारपत्र बनवण्याआधी ते कामगार कायद्याच्या जाणकाराला दाखवून घ्या.

१. आमची टीम सात जणांची आहे. यातलं कोण टिकणं सगळ्यात महत्त्वाचं?

वस्तीत रोज जाणारी कार्यकर्ती. मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एक-दोनदा येतात, मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा. आजारी माणसाच्या घरात उंबरा ओलांडून जाते ती कार्यकर्तीच.

पुण्याला येरवड्याचं मनोरुग्णालय नवीन नाही, २,५४० खाटांचं. पण सगळ्यांना खाटेची गरज नसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, जिल्हा पातळीवरचा १९९६ मध्ये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १९ ने तर आजारी माणसाला समाजातच राहण्याचा हक्क दिला. हा हक्क घरापर्यंत पोहोचवायला पायी फिरणारं, ओळखीचं झालेलं माणूस लागतं. बाकीचे महत्त्वाचे नाहीत असं नाही, पण टिकवण्याचा विचार मी तिच्यापासून सुरू करते.

२. लोक सोडून जातात ते पगारामुळेच ना?

पगार कमी असतो आणि त्यामुळे लोक जातात, हे आधी मान्य करू. सेवाभावाचं कारण पुढे करून हा मुद्दा टाळणाऱ्या विश्वस्तांशी मी दरवेळी वाद घालते. पण तेवढ्याच पगारावर एका टीममधली माणसं सहा-सहा वर्षं राहतात आणि शेजारच्या टीममधली सहा महिन्यांत जातात, हेही मी पाहिलं आहे.

एका संस्थेतल्या कार्यकर्तीने राजीनाम्यात ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. तिच्याशी निवांत बोलायला बसले तेव्हा खरं कळलं. तिच्या केसमधल्या एका बाईने शुक्रवारी रात्री विष घेतलं. ही रात्रभर त्या कुटुंबासोबत रुग्णालयात होती. बाई वाचली. सोमवारच्या मीटिंगमध्ये हिला पहिला प्रश्न आला, "शुक्रवारचा फॉर्म अर्धा का आहे?" ती म्हणाली, "ताई, मला कुणी नुसतं ‘जेवलीस का’ एवढं विचारलं असतं तरी मी राहिले असते." माझ्या पाहण्यातले बरेच राजीनामे असे आहेत. जड काम एकटीवर पडतं आणि ते कुणाला दिसतही नाही. उपाय प्रश्न ७ मध्ये आहे.

३. एक गेली तर दुसरी मिळते. एवढं काय बिघडतं?

पैशांचा हिशेब आधी. समजा कार्यकर्तीचा पगार महिना अठरा हजार आहे. जागा दोन महिने रिकामी, मग नवीन व्यक्तीची निवड, तीन महिने शिकण्याचे, त्या काळात वरिष्ठांचा जाणारा वेळ. हे सगळं तुमच्या आकड्यांनी मांडून पाहा. पगारात दोन हजार वाढवले असते तर वर्षाला चोवीसच हजार गेले असते.

दुसरा हिशेब आजारी माणसाचा. एका वस्तीत, नाव सांगत नाही, स्किझोफ्रेनिया असलेला एक तरुण दोन वर्षं पोटमाळ्यावरून खाली उतरत नव्हता. आमची कार्यकर्ती अकरा वेळा शिडीपाशी बसून त्याच्या आईशी गप्पा मारून परत आली. बाराव्या वेळी तो खाली उतरला आणि तिच्या मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघितला. नंतर ती नोकरी सोडून गेली. नवी कार्यकर्ती आली तेव्हा तो पुन्हा वर होता आणि आई म्हणाली, "तुम्ही किती दिवस येणार आहात ते आधी सांगा." माणूस टिकणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मी फंडरला सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती शिडी असते.

४. पगार वाढवायला खरंच पैसे नाहीत. मग काय करू शकतो?

पगार ठरलेल्या तारखेला द्या. फंडरचा हप्ता लांबला म्हणून कार्यकर्तीचा घरभाड्याचा दिवस लांबत नाही. दोन महिन्यांच्या पगाराएवढी राखीव रक्कम हे विश्वस्त मंडळाचं पहिलं काम समजा.

बसभाडं, रिक्षा, मोबाइलचा रिचार्ज पगारातून जाऊ देऊ नका. अप्पर इंदिरानगरहून हडपसरला दोन बस बदलून जाणाऱ्या बाईचा महिन्याचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहिलात, तर कागदावरचा पगार आणि हातात उरणारा पगार यातला फरक दिसेल. आणि ‘मानधन’ हा शब्द सोडा. पूर्णवेळ काम करणाऱ्याला मिळतो तो पगार. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, दहा किंवा जास्त असतील तर ग्रॅच्युइटीही. ही मेहेरबानी नाही, हे भरतीच्या वेळीच समजावून सांगा.

५. फंडर म्हणतात, पगारावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, परदेशी देणगीत २० टक्क्यांची मर्यादा आहे. हे खरं आहे का?

दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते.

सीएसआरमधली, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या निधीतली, ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. वस्तीत काम करणाऱ्या समुपदेशकाचा पगार हा प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च आहे. तो त्या ५ टक्क्यांत मोजायचा नसतो.

परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, हे खरं. पण संस्थेच्या उद्देशासाठी थेट होणारा खर्च यात धरत नाहीत. नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या आणि शाळेतल्या शिक्षकांच्या पगाराचं उदाहरणच दिलेलं आहे. त्यामुळे अंदाजपत्रकात ‘कर्मचारी खर्च’ अशी एकच ओळ टाकू नका. सेवा देणारे वेगळे, कार्यालयातले वेगळे दाखवा. सुपरव्हिजन (प्रश्न ७) आणि प्रशिक्षण हेही सेवेच्या बाजूला, स्वतंत्र ओळीत लिहा. तुमच्या सीएला हे आधी दाखवा, फंडरला नंतर.

६. दर ३१ मार्चला करार संपतो आणि फेब्रुवारीपासून सगळे नोकरी शोधायला लागतात. काय करावं?

त्यांचं चुकत नाही. मुलांची फी जूनमध्ये भरायची असते.

सीएसआरमध्ये ‘चालू प्रकल्प’ अशी तरतूद आहे. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं तो चालू शकतो. कंपनीकडे ही मागणी पहिल्याच भेटीत करा. बऱ्याच संस्था विचारतच नाहीत. एकाच फंडरवर एक पूर्ण जागा टांगू नका, दोन ठिकाणांहून अर्धा-अर्धा पगार आला तर एक गेला तरी माणूस राहतो. आणि जानेवारी संपायच्या आत प्रत्येकीला लेखी कळवा: नक्की आहे, बहुधा आहे, किंवा कठीण आहे. ‘कठीण आहे’ हे वेळेवर ऐकलेली माणसंसुद्धा शेवटपर्यंत मन लावून काम करतात, असा माझा अनुभव आहे.

एप्रिलमध्ये एक दिवसाचा खंड दाखवून नवा करार करायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करा. ग्रॅच्युइटी टाळण्यासाठी हे चाललंय, हे लोकांना कळतं. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

७. सुपरव्हिजन म्हणजे आमची सोमवारची मीटिंगच ना?

नाही, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

सोमवारच्या मीटिंगमध्ये किती गृहभेटी झाल्या, कोणाची औषधं संपली, शिबिर कधी, हे असतं. ते लागतंच. सुपरव्हिजनमध्ये कार्यकर्ती आपली केस आणि त्या केसने आपल्याला काय केलं, हे दोन्ही मांडते. जो माणूस तिची वेतनवाढ ठरवतो त्याच्यासमोर ती हे बोलणार नाही. म्हणून सुपरव्हायझर शक्यतो बाहेरचा हवा: अनुभवी मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकार क्षेत्रातला समाजकार्यकर्ता. पुण्यात अशी माणसं आहेत. कर्वे समाजसेवा संस्थेतून शिकून वर्षानुवर्षं क्षेत्रात राबलेले लोक याच शहरात राहतात. त्यांना फुकट बोलावू नका. दोन लहान संस्थांनी मिळून एक सुपरव्हायझर ठेवला तर परवडतं.

आमचं कसं चालतं ते सांगते. गुरुवारी दुपारी तीन ते पाच, समाजमंदिरात सतरंजी टाकून. फोन बाहेरच्या टोपलीत. सुरुवातीला प्रत्येकीने आठवडा कसा गेला ते दोन वाक्यांत सांगायचं. मग एकच केस, सविस्तर. रजिस्टर नाही, सही नाही. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, कारण गोपनीयता हा मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने दिलेला त्याचा हक्क आहे.

पहिले दोन महिने कुणी काही बोललं नाही. सगळ्या "ठीक चाललंय" म्हणायच्या. मग एका गुरुवारी सगळ्यात जुनी ताई, जिला आम्ही खंबीर म्हणून ओळखायचो, सतरंजीचा दोरा ओढत म्हणाली, "मला त्या घरात जायची भीती वाटते. महिनाभर मी नुसती दारातून परत येतेय आणि भेट झाली असं लिहितेय." खोली गप्प झाली. सुपरव्हायझर म्हणाल्या, "पुढच्या वेळी कोण जाईल हिच्यासोबत?" तीन हात वर झाले. त्या दिवसानंतर गुरुवार कुणी बुडवला नाही. ती ताई अजून टीममध्ये आहे.

नवीन व्यक्तीला पहिले सहा महिने दर पंधरवड्याला एक तास एकटीचाही द्या. आणि शिबिर आलं, पाहुणे आले म्हणून गुरुवार रद्द करू नका. रद्द होतो तेव्हा टीमला कळतं की आपला नंबर शेवटचा आहे.

८. एका कार्यकर्तीकडे किती केसेस असाव्यात?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा मी देणार नाही. आम्ही केसेस तीन गटांत मांडतो: जड, मध्यम, हलकी. घरात मारहाण, आत्महत्येचे विचार, नुकतंच रुग्णालयातून घरी आलेलं माणूस, या जड. औषधं नियमित आहेत आणि महिन्याला एक फेरी पुरते ती हलकी. नवीन कार्यकर्तीला पहिल्या तिमाहीत जड केस एकटीला देत नाही. अंतरही मोजतो. जनता वसाहतीच्या चढावर पावसात तीन घरं म्हणजे सपाटीवरची पाच.

९. बर्नआउट आणि नैराश्य यात फरक कसा ओळखायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची मांडणी कामाशी संबंधित स्थिती अशी केली, आजार अशी नाही. तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. कारण कामात असेल तर बदल कामात करावा लागतो. केसेस कमी करा, भाग बदला, रजा द्या. दमलेल्या माणसाला ध्यानाच्या कार्यशाळेला पाठवून तेवढेच फॉर्म पुढ्यात ठेवण्याने काही होत नाही.

झोप, भूक, घरातला रस, सगळंच गेलं असेल, मरणाचे विचार येत असतील तर ते नैराश्य असू शकतं आणि उपचार हवेत. ते तुमच्याच संस्थेतल्या तज्ज्ञाकडून नकोत. सहकाऱ्याचा रुग्ण होणं दोघांनाही जड जातं. बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवा, फी संस्थेने द्यावी. टेली-मानस, १४४१६, ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास चालू असते आणि ती कार्यकर्त्यांसाठीही आहे.

१०. केसमधल्या माणसाने आत्महत्या केली. कार्यकर्ती सुन्न आहे. काय करू?

त्याच दिवशी तिच्याकडे जा, फोनवर भागवू नका. अहवाल मागू नका. पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर संस्थेतलं जबाबदार माणूस सोबत जाईल, हे तिला आधीच सांगा. दोन-तीन दिवस गृहभेटी दुसऱ्या कुणी कराव्यात. त्या कुटुंबाला भेटायची तिची इच्छा असेल तर कुणीतरी सोबत जा, दहाव्याला जायचं असेल तरीही. आठवड्याने सुपरव्हिजनमध्ये केस उघडा. ‘काय चुकलं’ या प्रश्नाने नको, ‘काय काय केलं होतं’ इथून सुरुवात करा. महिन्याने आणि वर्षाने त्या तारखेला तिची आठवण ठेवा.

११. गृहभेटीत एका रुग्णाच्या नातेवाइकाने छेडछाड केली. तो आमचा कर्मचारी नाही, मग आमची जबाबदारी आहे का?

आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि संस्थेने दिलेलं प्रवासाचं वाहन, दोन्ही ‘कामाचं ठिकाण’ ठरतात. तक्रार करायची असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

व्यवहारात ती केस लगेच दोघींना द्या, किंवा भेट घराऐवजी समाजमंदिरात ठेवा. "रुग्णाचं कुटुंब आहे, सांभाळून घे" हे वाक्य ज्या संस्थेत उच्चारलं जातं तिथून बाई गेली तर मला नवल वाटत नाही.

१२. बाळंतपणाला गेलेल्या परत येत नाहीत.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. त्याची तरतूद अंदाजपत्रकात आधीपासून ठेवा. परत येताना पहिले तीन महिने अर्धा दिवस आणि घराजवळचा भाग द्या. आम्ही असं केल्यावर परत येणाऱ्या वाढल्या.

१३. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं दोन वर्षांत खराडी-हिंजवडीच्या कंपन्यांत समुपदेशक म्हणून जातात. बाँड घ्यावा का?

नोकरी सोडल्यानंतर कुठे काम करायचं नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही. ठरावीक काळ नोकरी करण्याची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. म्हणजे बाँड सरसकट बेकायदा नाही.

तरी मी म्हणते, घेऊ नका. अडकून पडलेलं माणूस दुसऱ्याचं दुःख ऐकून घेऊ शकत नाही. त्यापेक्षा मुलाखतीतच दोन वर्षं मोकळेपणाने मागा, दुसऱ्या वर्षी टीम सांभाळायची संधी द्या, आणि जाताना नीट निरोप द्या. कायम टिकण्याची अपेक्षा वस्तीतल्या कार्यकर्तीकडून ठेवा आणि तिच्या पगाराचा, बढतीचा रस्ता तसा आखा. दहा वर्षांची कार्यकर्ती आजही कालच्या पदवीधराच्या हाताखाली असेल तर ती का थांबेल?

१४. स्वतः आजारातून सावरलेल्या व्यक्तीला नेमलं तर टिकेल का?

टिकतात, आणि ज्या दारातून आपल्याला परत पाठवलं जातं तिथे त्यांना आत बोलावलं जातं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्याला हे नवं नाही; १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेली माणसं समुपदेशक म्हणून उभी राहिली आहेत.

काम तेच असेल तर पगारही तोच द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. औषधाने सकाळी जडपणा येत असेल तर अकराला यायची मुभा ही वाजवी सोय झाली. त्रास परतला तर काय करायचं, कुणाला कळवायचं, हे ती व्यक्ती बरी असतानाच तिच्याशी बोलून लिहून ठेवा. आणि प्रत्येक कार्यक्रमात तिला आपली कहाणी सांगायला उभं करू नका.

१५. कार्यकर्ती त्याच वस्तीत राहते. लोक रात्री अकराला दार वाजवतात. नाही कसं म्हणायचं?

ती एकटी नाही म्हणू शकत नाही, कारण सकाळी त्याच नळावर पाणी भरायचं असतं. नाही म्हणायचं काम संस्थेने करावं. राहत्या गल्लीतल्या केसेस दुसरीला द्या. कामाचा फोन वेगळा, संध्याकाळी सातला बंद. रात्रीच्या अडचणीला कुठे फोन करायचा, याचा फलक समाजमंदिरावर आणि रेशन दुकानाबाहेर लावा. तरी कुणी आलंच आणि तिने दार उघडलं, तर दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी द्या, खुलासा मागू नका.

१६. कुणाला टिकवूच नये, असंही असतं का?

असतं. रुग्णावर हात उगारणारी, पैसे घेणारी, कुणाच्या घरातलं आजारपण दुसरीकडे बोलणारी व्यक्ती कितीही जुनी असली तरी. चौकशी नीट करा, तिची बाजू ऐका, पण ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणून डोळेझाक करू नका. बाकीच्या टीमला ते दिसत असतं आणि आधी चांगल्या जातात. दमल्यामुळे तुसडी झालेली कार्यकर्ती यात धरू नका. तिच्यासाठी प्रश्न ९ पाहा.

१७. सोडून गेलेली कार्यकर्ती दोन वर्षांनी परत यायचं म्हणते. घ्यावं का?

मनापासून घ्या. ती जाताना तिच्याशी निवांत बोलला असाल तर ते इथे कामी येतं: ती का गेली होती हे तुम्हाला माहीत असेल आणि ते कारण अजून तसंच असेल, तर आधी ते दुरुस्त करा. पगार ठरवताना जुनी वर्षं धरा. तिच्या जुन्या केसेस मात्र लगेच परत देऊ नका. त्या आता दुसरीच्या आहेत, आणि ती घरं नुकतीच तिच्याशी बोलायला लागली असतील. महिनाभर दोघींनी मिळून फिरावं, मग कोणतं घर कोणाकडे, हे त्या घरांनाच विचारून ठरवा.